निवड खुल्या जागेवर, तरी शिक्का 'कोट्यातल्या'चा. आता कार्यमूल्यमापन अहवालात 'ब'. काय करता येईल?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी मराठवाड्यातील एका पंचायत समितीत कनिष्ठ सहाय्यक आहे. मी अनुसूचित जातीची आहे. मात्र सरळसेवा भरतीत मी कोणतीही सवलत न घेता खुल्या यादीत बसेन इतके गुण मिळवले, त्यामुळे माझी निवड खुल्या जागेवर झाली आणि नियुक्ती आदेशात तसे नमूदही आहे. तरीही कार्यालयात माझी ओळख 'कोट्यातल्या मॅडम' अशीच आहे. तोंडावर कोणी तसे म्हणत नाही. मी आत आले की विषय बदलतो, एवढेच.

त्या बोलण्याचे मी फारसे मनावर घेत नाही. माझा प्रश्न टेबलाचा आहे. माझ्याबरोबर रुजू झालेल्यांना आस्थापना, लेखा, घरकुल, रोजगार हमी अशी टेबले मिळाली आणि पुढे ती बदलूनही मिळाली. माझ्याकडे मात्र पहिल्या दिवसापासून आवक-जावकच आहे. टपाल फोडायचे, शिक्का मारायचा, नोंदवहीत क्रमांक टाकायचा आणि कागद ज्याच्या त्याच्या टेबलावर पोचवायचा. यंदाच्या अहवालात 'स्वतंत्रपणे प्रकरणे हाताळण्याचा अनुभव नाही' असा शेरा आहे आणि प्रतवारी 'ब' दिली आहे. ज्या साहेबांनी एकही प्रकरण माझ्याकडे येऊ दिले नाही, शेरा त्यांचाच आहे. घरचे म्हणतात, थेट अॅट्रॉसिटीची तक्रार कर. याला कायद्याच्या दृष्टीने भेदभाव म्हणता येईल का, आणि कोणत्या मार्गाने जावे?

आस्थापनावाला, नांदेड

ताई, मी जिल्हा परिषदेच्या सामान्य प्रशासन विभागातून निवृत्त झालो असून बिंदुनामावलीच्या (कोणते पद कोणत्या प्रवर्गासाठी, हे क्रमाने दाखवणाऱ्या यादीच्या) नोंदवह्या विभागीय आयुक्त कार्यालयाच्या मागासवर्ग कक्षाकडून, ज्याला आम्ही सगळे 'मावक' म्हणतो, तपासून आणण्यात माझी बरीच नोकरी गेली. म्हणून आधी त्या शिक्क्याविषयी लिहितो. राज्याच्या 2001 च्या आरक्षण अधिनियमाने, जो 29 जानेवारी 2004 पासून लागू झाला, अनुसूचित जातींसाठी 13 टक्के पदे राखीव आहेत. आपल्या गुणांवर खुल्या जागेवर आलेला मागासवर्गीय उमेदवार त्या 13 टक्क्यांत मोजायचा नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1992 च्या इंद्रा साहनी प्रकरणात आणि पुन्हा 1995 च्या सभरवाल प्रकरणात सांगितले आहे. आपले नाव नोंदवहीत खुल्या बिंदूसमोर लिहिलेले असले पाहिजे. ते चुकून अनुसूचित जातीच्या बिंदूवर दाखवले असेल, तर आपल्या समाजातील दुसऱ्या एखाद्या उमेदवाराची जागा त्या नोंदीने खाल्ली असे होते, आणि असे घडते. ते अवश्य पाहा.

टेबलाबद्दल सांगायचे, तर कामाचे वाटप तोंडी होत नसते. निदान होऊ नये. प्रत्येक बदलाला कार्यविभाजनाचा कार्यालयीन आदेश निघतो. आपण रुजू झाल्यापासूनचे ते सगळे आदेश एकापुढे एक ठेवा. कोणाला कोणते टेबल, किती काळ, हे तक्ता करून लिहिले की तक्रारीला वेगळ्या विशेषणांची गरज उरत नाही.

मोसंबीवाला, अंबड

कटुता न ठेवता एक विचारतो. आमच्या नात्यातले एक गृहस्थ आवक-जावकवर बसले ते तिथूनच निवृत्त झाले. ते मराठा, साहेबही मराठा. कार्यालयांत गटबाजी असते, साहेबांची मर्जी असते, काही टेबलांना 'वजन' असते म्हणून ती विशिष्ट माणसांनाच मिळतात. प्रत्येक अन्यायाचे मूळ जातीत शोधले तर खरा दोषी निसटतो, असे मला वाटते.

दुसरे, 'कोट्यातले' हा शब्द वाईटच; पण तो कुठून येतो तेही पाहावे. मी औरंगपुऱ्यात खोली करून परीक्षांची तयारी करतो. 2018 चा मराठा आरक्षणाचा कायदा आला, 5 मे 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयात पडला, 2024 मध्ये 10 टक्क्यांचा नवा आला, आणि यादरम्यान माझे वय मात्र कोणी थांबवले नाही. घरी कोरडवाहू जमीन आहे आणि कुणबी नोंद सापडलेली नाही.

आस्थापनावाला, नांदेड

भाऊ, पहिला मुद्दा रास्त आहे आणि तो तपासूनच पाहावा लागेल. त्या कार्यालयातील अनुसूचित जाती-जमातींच्या इतर कर्मचाऱ्यांनाही हलकीच टेबले मिळाली आहेत काय, की हे फक्त ताईंच्याच वाट्याला आले? हा फरक आदेशांतून कळेल. पहिले खरे निघाले, तर 'मर्जी' हे स्पष्टीकरण पुरत नाही. कारण मर्जी दर वेळी जात पाहून वळत असेल, तर तिलाच भेदभाव म्हणतात.

दुसऱ्या मुद्द्याबाबत मला आपली कणव येते, पण निष्कर्ष मान्य नाही. खुल्या यादीत ताईंना आपल्यासारख्याच उमेदवारांशी स्पर्धा करावी लागली. आपली जागा त्यांच्या टेबलावर नाही. ती कित्येक वर्षे न भरलेल्या रिक्त पदांत आहे आणि बाह्ययंत्रणेकडे दिलेल्या कामांत आहे, जिथे बिंदुनामावली वापरली जात नाही आणि स्पर्धा परीक्षाही होत नाही. 2023 मध्ये बाह्ययंत्रणेमार्फत भरतीचा शासन निर्णय निघाला, तेव्हा सर्व समाजांची मुले त्याविरुद्ध बोलली आणि तो मागे घ्यावा लागला. तो राग योग्य ठिकाणी होता.

वाळूजकर

थोडे आमच्याकडचे सांगतो. खाजगी कारखान्यात राज्यघटनेतील नोकरीच्या आरक्षणाचा अनुच्छेद 16(4) नाही, बिंदू नाही, टेबलाचा आदेशही नाही. मुलाखतीत आधी आडनाव, मग गाव, मग 'गावात घर कोणत्या बाजूला' असे प्रश्न येतात, आणि नंतर फोन येत नाही. गोदाकाठताईंकडे निदान कागद आहे. तो सोडू नये.

खंडपीठ

मी छत्रपती संभाजीनगर येथे सेवाविषयक प्रकरणे चालवतो. घरच्यांचा सल्ला मी तूर्त बाजूला ठेवण्यास सांगेन, आणि त्याचे कारण आपल्याच राज्यातील एका प्रकरणात आहे. कराडच्या शासकीय औषधनिर्माण महाविद्यालयातील एका अनुसूचित जातीच्या कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालातील प्रतिकूल शेऱ्यावरून सुरू झालेला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 20 मार्च 2018 रोजी न्यायालयाने त्यातून झालेली अॅट्रॉसिटीची कार्यवाही रद्द तर केलीच, शिवाय अटकेपूर्वी परवानगी व गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी अशा अटीही घातल्या. देशभर आंदोलन झाले, संसदेने त्याच वर्षी कलम 18-अ घालून त्या अटी निष्प्रभ केल्या. ते योग्यच झाले, असे माझे मत आहे. मात्र निव्वळ शेरा हा अॅट्रॉसिटीचा गुन्हा होत नाही. 1989 च्या त्या कायद्यात जातीवरून अपमानाचे कलम लागण्यासाठी तो हेतुपुरस्सर आणि लोकांसमक्ष झालेला असावा लागतो. विषय बदलणे त्यात बसत नाही.

आपला भक्कम मुद्दा वेगळा आहे. 'ब' म्हणजे 'चांगला', त्यामुळे कार्यालय म्हणेल की हा प्रतिकूल शेरा नव्हेच. नेमका हाच युक्तिवाद 2008 च्या देवदत्त प्रकरणात फेटाळला गेला. तिथेही नोंद 'चांगला' अशीच होती, पण पदोन्नतीला 'अतिशय चांगला' लागत असल्याने ती मारक ठरली होती. म्हणून अहवालातील प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवावी आणि तिच्याविरुद्ध अभिवेदनाची, म्हणजे लेखी म्हणणे मांडण्याची, संधी द्यावी, असे न्यायालयाने ठरवले. 2013 मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात त्रिसदस्यीय पीठाने ते कायम केले. आपण अभिवेदनात एवढेच लिहा की, शेऱ्यात उल्लेखलेला अनुभव मिळू शकेल असे काम कोणत्याही आदेशाने मला दिलेले नाही, आणि सोबत कार्यविभाजनाचा तक्ता जोडा. तक्त्यातून जातीनिहाय फरक दिसला, तर अनुच्छेद 338 खालील राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाकडे जाता येते. साक्षीदार बोलावणे आणि कागद मागवणे या बाबतींत त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. आदेशांच्या प्रती तोंडी मागितल्या, तर 'कशाला हव्यात' असे विचारले गेले.

खंडपीठ

मग माहिती अधिकारात मागा. अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. कार्यविभाजनाचे सर्व आदेश आणि बिंदुनामावलीतील संबंधित पानांच्या प्रती, असे नेमके लिहा. 'मला हेच टेबल का दिले' असे विचारू नका, कारण त्यावर 'माहिती अभिलेखात उपलब्ध नाही' असे उत्तर येते. आवक क्रमांक स्वतः टाकू नका, दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या सहीची पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील करा. मात्र अभिवेदनाची मुदत त्यासाठी थांबणार नाही, ते आधी देऊन ठेवा आणि 'कागदपत्रे मिळताच पुरवणी सादर करीन' असे त्यात लिहा.