खडीच्या वाटेवर हवा किती भरावी?

एका सायकलवाल्यांनी लिहिलंय की खडीवर सायकल फार आदळते म्हणून त्यांनी टायर दगडासारखे टणक फुगवले. अहो, नेमकं उलटं करा! ४० मिमीच्या टायरला सत्तरेक किलोच्या माणसासाठी ३०-३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुष्कळ होतात. हवा कमी असली की टायर खड्यावर दबतो, उसळत नाही, आणि पायातली ताकद पुढे जायला लागते. आत ट्यूब असेल तर मात्र हवा फार कमी करू नका. धारदार दगडावर ती रिमखाली चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात.

बाकी वाटांचं म्हणाल तर, माळरानावर त्रास फक्त समोरच्या वाऱ्याचा. जंगलात पानांखालची ओली मुळं तिरकी घेऊ नका, सरळ काटकोनात ओलांडा, नाहीतर पुढचं चाक सटकलंच समजा.

द्राक्षबागांमधली चिकणमाती हे वेगळंच प्रकरण आहे. पावसानंतर एकदा हौसेने शिरलो. शंभरेक मीटरमध्ये फ्रेम आणि चाकामधली फट चिखलाने भरली, चाक फिरेनाच. मग छाटणीची पडलेली काडी उचलून माती खरवडत बसलो. अशा आडवाटेवर गाड्यांचा त्रास नव्हता हे खरं, पण मदतीलाही कुणी नव्हतं.