कानाच्या नसेवरची छोटी गाठ: ऐकू येतंय तोवर हात का लावायचा?

सायंतारा:
माझ्या उजव्या कानाच्या नसेवर ८ मिमीची गाठ निघाली. त्या कानाला फोन लावला की आवाज येतो, शब्द कळत नाहीत, म्हणून एमआरआय केला. गाठ कॅन्सरची नाही. ती तोलाच्या नसेच्या वेष्टणातून वाढते, पण ऐकण्याची नस तिला खेटूनच हाडाच्या त्याच बोगद्यातून जाते. डॉक्टर म्हणतात, "लहान आहे तोवर गामा नाइफ, म्हणजे चीरफाड न करता गाठीवर नेमके किरणोपचार, करून टाकू, ऐकणं वाचेल." मला पटत नाही. नॉर्वेत २ सेंमीपेक्षा लहान गाठींच्या १०० रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना लगेच किरणोपचार, निम्म्यांवर नुसती नजर. २०२३ मध्ये निष्कर्ष आले: ४ वर्षांनी किरणोपचारवाल्यांच्या गाठी सरासरीने आकसल्या, ऐकण्यात मात्र दोन्ही गटांत फरक नाही. मग ऐकण्याच्या नावाखाली घाई कशाला?

पाणवठा:
त्याच चाचणीत नजरेखालच्या बऱ्याच जणांना गाठ वाढल्यामुळे पुढे किरणोपचार घ्यावेच लागले, हेही सांगा ना. आणि थांबलं म्हणजे कान जपला असं नाही. माझ्या भावाची गाठ तीन वर्षांत जराही वाढली नाही, तरी कान गेला. आता रस्ता ओलांडताना गाडी कुठून येतेय ते त्याला कळत नाही. मला आजही वाटतं, आधीच काहीतरी करायला हवं होतं.

कोयनाकाठ:
"काहीतरी" म्हणजे काय, यावरच सगळं आहे. माझं ऑपरेशन झालंय. अंतर्कर्णातून रस्ता काढला तर ऐकणं जातंच. कानाच्या वरून किंवा मागून गेलं तर वाचण्याची आशा असते, तीही गाठ लहान आणि ऐकणं चांगलं असेल तरच. म्हणून थांबण्याला माझा विरोध आहे. संधी हातची जाते. ऑपरेशनमध्ये चेहऱ्याच्या नसेला इजा होण्याचा धोका किती, ते मात्र आधी नीट विचारून घ्या.

सायंतारा:
पाणवठा, भावाचं वाचून वाईट वाटलं. पण गाठ न वाढताही कान गेला, तर ती आकसवून तो वाचला असता हे कशावरून? गाठ वाढली तर मी उपचार घेईनच, आणि शंखाकृती कर्णावर (आतल्या कानाचा ऐकण्याचा भाग) किती ग्रे, म्हणजे किरणांची किती मात्रा, पडणार तेही विचारीन. तोवर सहा महिन्यांनी एमआरआय आणि सोबत शब्द ओळखण्याची चाचणी. नुसते शिट्टीसारखे आवाज ऐकवायची चाचणी नको, माझे शब्दच हरवताहेत.

पाणवठा:
सहा महिने ठीक. पण शब्द आणखी घटले तर गाठ वाढण्याची वाट बघू नका.