दोनशिक्षकी शाळेत खो-खोचा संघ कसा उभा करावा?

दाजीपूररोड_बाई
नमस्कार. राधानगरी तालुक्यातल्या जि. प. शाळेत यंदा शिक्षण सेवक म्हणून रुजू झाले आहे. पहिली ते पाचवी, दोन शिक्षक, पट ३८. तिसरी, चौथी, पाचवी माझ्याकडे. शाळेपुढे मुरमाड पटांगण आहे, खांब नाहीत, आखणी नाही. केंद्रस्तरीय स्पर्धेत लहान गटाचा मुलींचा खो-खो संघ उतरवायचा विचार आहे. मैदान कसं करावं, शिष्यवृत्तीचे जादा तास सांभाळून सराव कधी घ्यावा, आणि या कामाचा पुढे नोकरीत उपयोग होतो का? बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) करावं का एनआयएस (पतियाळाच्या क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक अभ्यासक्रम)? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

आडवी_पाटी
बाई, आधी मैदान. पूर्ण माप २७ × १६ मीटर. खांब ते खांब २४ मीटर, मधली पाटी (खांबांना जोडणारा पट्टा) ३० सेंमी रुंद, तिला छेदणाऱ्या आडव्या पाट्या आठ, प्रत्येकी ३५ सेंमी रुंद. खांबापासून पहिली पाटी २.५५ मीटरवर, दोन पाट्यांमधलं अंतर २.३० मीटर. कोपरे काटकोनात आलेत का हे डोळ्यांनी ठरवू नका. दोन्ही कर्ण मोजा, ते ३१.३८ मीटर आले पाहिजेत. एक कर्ण वीतभर जरी जास्त भरला तरी शेवटच्या पाट्या तिरक्या जातात आणि पोरींची दिशा चुकते.

पटांगण तेवढं नसेल तर पाट्यांमधलं अंतर कमी करू नका, पाट्याच दोन कमी करा. सहा पाट्या धरल्या तर खांब ते खांब १८.७० मीटर होतं. अंतर तेच राहिल्यामुळे पावलांची सवय बिघडत नाही. स्पर्धेत कोणतं माप आहे ते त्या वर्षीच्या परिपत्रकात बघून शेवटचे पंधरा दिवस त्याच मापावर खेळवा.

खांब लाकडी, गुळगुळीत, व्यास ९ ते १० सेंमी, जमिनीवर १२० ते १२५ सेंमी. तुमच्याकडच्या पावसात थेट मातीत गाडलेला खांब श्रावणापर्यंत हलायला लागतो, आणि वाळवी वेगळीच. त्यापेक्षा खांबाहून थोडा मोठा लोखंडी पाइप दोन फूट काँक्रीटमध्ये बसवा आणि खाली वीतभर खडी टाका, म्हणजे पाणी जिरतं. खांब त्यात उभा करून लाकडी पाचर ठोका. मे अखेरीस काढून वर्गात ठेवता येतो. काढला की पाइपावर झाकण हवंच, नाहीतर पळणाऱ्या पोराचा पाय आत जातो.

आता सराव. सगळे नवे शिक्षक आधी पोरं पळवतात, आणि स्पर्धेत संघ फाऊलवर हरतो. लहान गटात सामने बसणारी पोरं जिंकून देतात, हे ध्यानात ठेवा. पहिले दोन आठवडे पळणारं कोणीच नको. आठ मुली चौरसात (मधली आणि आडवी पाटी छेदतात तिथे) आलटून-पालटून उलट तोंडाने बसवा, नववी खो द्यायला उभी. एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत आणि परत, नुसते खो. घड्याळ लावा आणि फाऊल मोजा. बसताना टाचा वर, चवडे जमिनीत रुतलेले, हाताची बोटं पुढे टेकलेली. हात गुडघ्यावर ठेवून बसलेली मुलगी उठताना आधी सरळ उभी राहते आणि मग पळते, तिथे अर्धा सेकंद जातो.

चुका ठरलेल्या असतात. खो मिळायच्या आधीच उठणं. तोंडाने ‘खो’ आणि हात पाठीला लागलेलाच नाही. पाटी सोडून पुढे गेल्यावर मागे हात टाकून दिलेला खो. एकदा घेतलेली दिशा बदलणं. यातली शेवटची चूक सगळ्यात चिवट, कारण पळणारी मुलगी डोळ्यांसमोरून मागे जाते आणि मान वळली की खांदा वळतोच. त्यासाठी ‘दिशा घेतली की खांब शिवायचा’ एवढा एकच नियम महिनाभर ठेवा. बाद करण्याच्या नादात मुली तो विसरतात, म्हणून बाद मोजूच नका.

पळण्यात आधी एकेरी साखळी, म्हणजे बसलेल्या एकेका मुलीला वळसा घालत नागमोडी पळणं. ३० सेकंद पळणं, मिनिटभर थांबणं. हूल देणं त्यांना शिकवावं लागत नाही, घरूनच घेऊन येतात. सूर मात्र मुरमावर अजिबात नको. कोपर, हनुवटी, गळ्याचं हाड, सगळं त्यात जातं.

केंद्रशाळा
आडवी_पाटी यांचं बरोबर, फक्त पाइप-काँक्रीटसाठी पैसे कुठून ते सांगितलं नाही! समग्र शिक्षाचं क्रीडा अनुदान प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपये. ते साहित्यासाठी असतं. काँक्रीट-मुरूम लोकवर्गणीतून किंवा ग्रामपंचायतीकडून करा. खर्चाआधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मग पक्कं बिल, मग डेडस्टॉकला (साहित्याच्या नोंदवहीत) नोंद. हा क्रम उलटा झाला की लेखापरीक्षणात अडकतं.

वेळेचं म्हणाल तर तुमच्या भागात संध्याकाळचा सराव विसरा. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो, पोरं वाड्या-वस्त्यांवर चालत जातात आणि त्या वाटेला गवे उतरतात. परिपाठाआधी ४० मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस पुरे. शिष्यवृत्तीचे जादा तास शाळा सुटल्यावर घेत असाल तर ते सकाळशी भिडत नाहीत. एक मात्र पाळा, जादा तासाला उशीर केला म्हणून सराव बंद ही शिक्षा नको. पालक तेच धरून बसतात आणि मुलगी दोन्हीकडून जाते.

सकाळी रिकाम्या पोटी आलेली मुलगी तिसऱ्या साखळीला बसते. पोषण आहार दुपारी, आणि तोही पाचवीपर्यंत ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं या हिशेबाचा. सरावाआधी अर्धं केळं, नंतर मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. वर्गणीतला पहिला रुपया जर्सीवर न घालता इथे घाला.

नोकरीतला उपयोग स्पष्ट सांगतो. प्राथमिकला क्रीडा शिक्षकाचं वेगळं पद नाही. संघ राज्यापर्यंत गेला तरी पगारात फरक पडत नाही. तीन वर्षं १६,००० मानधन, मग एस-१० श्रेणी (२९,२०० पासून), १२ वर्षांनी वरिष्ठ आणि २४ वर्षांनी निवड श्रेणी, तीही ठरलेलं प्रशिक्षण झालं तर. पुढे पदवीधर शिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख. या वाटेवर खो-खो कुठेच विचारत नाहीत.

त्यामुळे बी.पी.एड. सध्या नको. ते दोन वर्षांचं, पूर्णवेळ, आणि सेवेत असताना परवानगी लागते. पतियाळाच्या एनआयएसचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम साधारण उन्हाळ्यात असतो, आपल्या सुट्टीत जवळपास बसतो. त्या वर्षी त्यात खो-खो आहे का आणि पात्रता काय, बघून अर्ज करा. त्याहून स्वस्त आणि कामाचं म्हणजे खो-खो संघटनेची पंच परीक्षा. नियम पाठ होतात आणि तालुक्याच्या मैदानावर तुमचा शब्द ऐकला जातो.

फक्की_मास्तर
दोन गोष्टी राहिल्या.

आखणीला कळीचा चुना वापरू नका. ओल लागली की तो तापतो, आणि खो-खोत पोरं जमिनीलगत बसलेली असतात. डोळ्यात गेला तर न चोळता स्वच्छ पाण्याने किमान १५–२० मिनिटं धुवायचं आणि थेट दवाखाना. खडूची भुकटी घ्या. मधल्या पाटीला फक्की मारण्यापेक्षा सुतळी ताणून खिळ्यांनी खोल रेघ ओढून ठेवा. फक्की उडाली तरी रेघ दिसते.

दुसरं, कागद. संघ मैदानावर हरण्याआधी टेबलावर हरतो. जनरल रजिस्टर आणि आधार यांतली जन्मतारीख जुलैतच जुळवून बघा. रजिस्टरातली तारीख मुख्याध्यापक आपल्या पातळीवर बदलू शकत नाहीत, म्हणून जन्मदाखला रजिस्टरशी जुळत असेल तर पालकांना सांगून आधार दुरुस्त करून घ्या. त्याला वेळ लागतो. बोनाफाईड, शिक्का मारलेले फोटो, पालकांचं संमतीपत्र यांची एकच फाईल करा. १२ जणींचा संघ असतो, कागद मात्र १५ जणींचे तयार ठेवा. कोणीतरी ऐनवेळी मामाकडे जातंच.

दाजीपूररोड_बाई
सगळ्यांचे मनापासून आभार. एक शंका. तिसरी ते पाचवीत मुली अकराच आहेत. मग?

आडवी_पाटी
मैदानात नऊ लागतात, त्यामुळे संघ होतो. राखीव दोनच राहतात एवढंच. लहान गटात खालच्या इयत्ता चालत असतील तर दुसरीतली एखादी चपळ पोरगी घ्या, पण तिला बसवायचं खांबाशेजारच्या चौरसात नाही. तिथे पळणारी वळण घेते आणि खो झटपट द्यावा लागतो, ती जागा सगळ्यात हुशार मुलीची. दुसरीवालीला तिसऱ्या-चौथ्या चौरसात ठेवा. सरावाला मात्र मुलांनाही बसवा, नाहीतर पळणाऱ्या तिघी वेगळ्या काढल्यावर बसायला नऊ भरणार नाहीत.

केंद्रशाळा
आणि पाचवीनंतर या मुली जिथे सहावीला जातील त्या शाळेतल्या सरांना आत्ताच भेटून ठेवा. खेळ तुटतो तो याच सांध्यावर. एखादी खरोखर वेगळी दिसली तर क्रीडा प्रबोधिनीच्या (शासनाच्या निवासी क्रीडा प्रशिक्षण केंद्राच्या) निवड चाचणीची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते. तुमच्याच तालुक्यातल्या कांबळवाडीचा ऑलिम्पिक पदकविजेता नेमबाज स्वप्निल कुसाळे २००९ साली प्रबोधिनीतच दाखल झाला होता. पालकांना हे नाव सांगितलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

सरावाची वहीही ठेवा. तारीख, हजेरी, फाऊल, खांब ते खांब लागलेला वेळ. अवघड क्षेत्रात तुमची शाळा येत असेल तर तीन वर्षांनी बदलीचा अधिकार मिळेल, आणि नंतर येणाऱ्या शिक्षकाला त्या वहीशिवाय दुसरं काही हाती लागणार नाही.