येऊरच्या जंगलात सापडलेला तारेचा फास मी काढून घरी आणला; हे योग्य झाले का?

प्रश्न – उपवनचा_पायी

नमस्कार. मी ठाण्यात राहतो आणि गेली अनेक वर्षे रविवारी सकाळी उपवन तलावाकडून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील येऊरला पायी जातो. गेल्या रविवारी नेहमीच्या वाटेपासून थोड्या अंतरावर करवंदीच्या जाळीपाशी, जमिनीपासून साधारण गुडघाभर उंचीवर, मोटारसायकलच्या क्लचच्या तारेचा एक फास खुंटीला बांधलेला दिसला. त्यात कोणताही प्राणी अडकलेला नव्हता. त्या वाटेने भेकर आणि रानडुक्कर जातात हे मला ठाऊक असल्याने तो तसाच ठेवणे मला अशक्य वाटले. मी तो सोडवला, पिशवीत घातला आणि परतीच्या वाटेवर भेटलेल्या वनरक्षकांना दाखवला.

त्यांनी माझे आभार मानले, पण त्यांचा चेहरा उतरला. "तो जागेवर असतानाच आम्हाला कळवले असते तर फार बरे झाले असते," एवढेच ते म्हणाले. त्यांना पुढे गस्तीला जायचे होते, म्हणून अधिक बोलणे झाले नाही आणि तार माझ्याकडेच राहिली. प्राण्याचा जीव वाचवण्यापेक्षा तार जागेवर असणे महत्त्वाचे कसे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. शिवाय फास सापडण्याच्या थोडे आधी त्याच भागात पिशवी आणि कोयता घेतलेला एक माणूस मला दिसला होता. अशा माणसाला वनरक्षक थांबवू शकतात का, की त्यासाठी पोलीसच लागतात? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. फास सापडला त्या जागेचे छायाचित्र खाली जोडत आहे.

उत्तर १ – निवृत्त_वनपाल

सर्वप्रथम एक विनंती. जोडलेले छायाचित्र कृपया लगेच काढून टाका. त्यात मागचा कातळ आणि ओढ्याचे वळण इतके स्पष्ट दिसते की येऊर माहीत असलेला कोणीही ती जागा ओळखेल, आणि फास लावणारा माणूस येऊर निश्चितच जाणतो.

आपल्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. वनरक्षकाचा चेहरा का उतरला, हे मात्र मी सांगू शकतो, कारण नोकरीच्या काळात माझाही असाच अनेकदा उतरला आहे. फास लावणारा माणूस रोज, बहुधा उजाडण्यापूर्वी, तो पाहायला परत येतो. शिकाऱ्याला हातोहात पकडण्याची ती जवळजवळ एकमेव संधी असते. तार जागेवर असेल तर आम्ही आधी छायाचित्रे घेतो, जीपीएसवर नोंद करतो, खुंटी कोणत्या झाडाची तोडली आहे आणि गाठ कोणत्या पद्धतीची आहे ते पाहतो, आणि नंतर प्राणी त्यात अडकणार नाही अशी व्यवस्था करून दबा धरून बसतो किंवा आडोशाला कॅमेरा लावतो. प्रत्येकाची गाठ मारण्याची सवय वेगळी असते. एकाच हाताची गाठ दोन नियतक्षेत्रांत (वनरक्षकांच्या गस्तीच्या हद्दींत) सापडली, तर तपासाला दिशा मिळते. आपल्या पिशवीत आता उरली आहे ती नुसती तार, आणि तशी तार कोणत्याही गॅरेजमध्ये मिळते.

दुसरी गोष्ट अशी की फास सहसा एकटा नसतो. तोडलेल्या फांद्यांचे बुटके कुंपण आडवे घालतात, त्यात ठिकठिकाणी खिंडी सोडतात आणि प्रत्येक खिंडीत एक फास बांधतात. जनावर कुंपण ओलांडण्याऐवजी मोकळ्या जागेतून जाते आणि मानेत किंवा कमरेत अडकते. फास डुकरासाठी किंवा सशासाठी लावलेला असला, तरी त्याच वाटेने बिबट्याही येतो. कमरेत तार रुतलेला बिबट्या जितका झटके देतो, तितकी ती अधिक आत जाते. आपण एक फास काढलात, पण त्या ओळीतील बाकीचे अजून तेथे असू शकतात, हीच मला सर्वांत मोठी काळजी वाटते. म्हणून आजच वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन ती तार न पुसता, न धुता, कागदात गुंडाळून जमा करा आणि कर्मचाऱ्यांना सोबत नेऊन जागा दाखवा.

पुढे कधी असे दिसले तर १९२६ या वन विभागाच्या हेल्पलाइनवर किंवा ओळखीच्या वनरक्षकाला कळवावे, शक्य असल्यास अंतर राखून तेथे थांबावे, आणि कोणीही तेथे पोहोचण्यापूर्वी जागेवर आपल्या पावलांचे ठसे उमटू देऊ नयेत. प्राणी अडकलेला असेल तर जवळ अजिबात जाऊ नये. त्याला बेशुद्ध केल्याशिवाय सोडवता येत नाही, आणि ते काम पशुवैद्यकांच्या पथकाचे आहे.

उत्तर २ – ठाण्यातील_वकील

अधिकाराच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ५० प्रमाणे गुन्हा घडल्याचे मानण्यास वाजवी कारण असेल, तर कोणताही वन अधिकारी झडती घेऊ शकतो, वस्तू जप्त करू शकतो आणि वॉरंटशिवाय अटकही करू शकतो. 'वन अधिकारी' या व्याख्येत वनरक्षकही येतो. पोलिसांपैकी हा अधिकार उपनिरीक्षक आणि त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यांना आहे. अटक केलेल्या व्यक्तीला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते, हे संविधानाच्या अनुच्छेद २२ मुळे येथेही लागू आहे.

अनेकांना वाटते की प्राणी मेला नाही म्हणजे शिकार झाली नाही. हा गैरसमज आहे. अधिनियमातील शिकारीच्या व्याख्येत फासात पकडणे आणि तसा प्रयत्न करणे या दोन्ही गोष्टी आहेत, त्यामुळे रिकामा फासही गुन्हा सिद्ध करू शकतो. शिवाय 'शस्त्र' या शब्दात चाकू, जाळी, फास आणि सापळे यांचा समावेश आहे, आणि कलम ३१ प्रमाणे परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्रासह प्रवेश करता येत नाही. ही तरतूद कलम ३५ मुळे राष्ट्रीय उद्यानालाही लागू होते. राष्ट्रीय उद्यानात शिकार केल्यास प्राणी कोणत्या अनुसूचीतील (अधिनियमाला जोडलेल्या यादीतील) आहे याचा विचार न करता किमान ३ आणि कमाल ७ वर्षांचा कारावास आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर किमान दंड २५ हजार रुपये झाला आहे.

कायदा इतका कडक असूनही खटले सुटतात, ते बहुतेक वेळा कलमांच्या अभावी नव्हे तर पंचनाम्यातील त्रुटींमुळे. वस्तू नेमकी कोठे होती, कोणाच्या समोर जप्त झाली, केव्हा सीलबंद झाली आणि त्यानंतर कोणाकोणाच्या ताब्यात होती, ही साखळी एका जागी तुटली की बचाव पक्षाला तेवढे पुरते. त्यामुळे आपण आता आपला लेखी जबाब तारीख, वेळ आणि त्या माणसाच्या वर्णनासह द्यावा. मोबाइलमधील मूळ छायाचित्र पुसू नका. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या प्रतीतून वेळ आणि ठिकाणाची माहिती बहुधा निघून जाते, आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र देताना मूळ उपकरणाची गरज लागते.

आणखी एक तरतूद नागरिकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. गुन्ह्याची आणि तक्रार करण्याच्या इराद्याची ६० दिवसांची नोटीस देऊन सामान्य व्यक्तीसही वन्यजीव अधिनियमाच्या कलम ५५ खाली न्यायालयात तक्रार करता येते.

उत्तर ३ – पाड्यावरचा

वरील दोघांचे म्हणणे मला मान्य आहे, पण कोयत्याविषयी थोडे लिहिणे आवश्यक वाटते. मी येऊरच्या पाड्यावर जन्मलो. आमच्याकडे घरातून निघताना कोयता कमरेला असतोच, आणि तो पाहून प्रत्येक वारल्याकडे शिकारी म्हणून बोट दाखवले जावे, असे या चर्चेतून होऊ नये. वकीलसाहेबांनी सांगितलेले कलम खरे आहे, मात्र चांगला वनरक्षक कोयत्याकडे पाहत नाही, पिशवीत तार आहे का ते पाहतो, आणि माणूस कोणत्या पाड्याचा आहे हे त्याला चेहऱ्यावरून कळते.

वन्यजीव अधिनियमाच्याच कलम २७ प्रमाणे संरक्षित क्षेत्रात राहणाऱ्या लोकांवर गुन्हा रोखण्याची, मेलेल्या जनावराची खबर देण्याची आणि वणवा विझवण्यास मदत करण्याची जबाबदारी आहे. ती आम्ही कलम माहीत नसतानाही पार पाडत आलो आहोत. फास दिसला आणि मोबाइलला रेंज नसेल, तर जवळच्या पाड्यावर या. निरोप लवकर पोहोचेल, आणि तोवर आमच्यापैकी कोणीतरी लांबून लक्ष ठेवून थांबेल.

प्रश्नकर्त्याची नोंद – उपवनचा_पायी

आपण तिघांनीही वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. छायाचित्र येथून काढले असून मोबाइलमधील मूळ प्रत जपून ठेवली आहे. कोयता पाहून मी जो निष्कर्ष काढला तो घाईचा होता, आणि त्याबद्दल पाड्यावरच्या बांधवांची क्षमा मागतो. जबाबात मी त्या माणसाविषयी केवळ प्रत्यक्ष पाहिले तेवढेच लिहिले.

काल तार जमा केली आणि आज पहाटे वन कर्मचाऱ्यांना जागा दाखवली. निवृत्त वनपालांनी सांगितल्याप्रमाणे करवंदीच्या जाळीमागे तोडलेल्या फांद्यांचे कुंपण खरोखरच होते. त्या रविवारी मी त्याच्यापासून दहा पावलांवर उभा होतो, तरी ते माझ्या नजरेला आले नव्हते. त्या कुंपणात पुढे काय आढळले, ते तूर्त येथे लिहू नये असे मला सांगण्यात आले आहे, आणि त्याचे कारण आता मला विचारावे लागले नाही.