मदत हवी आहे : बोकडांचं वजन भरतंय, पण चरबीच फार निघतेय

नमस्कार मंडळी. औसा तालुक्यात आमच्या उस्मानाबादी शेळ्या आहेत. पूर्वी माळावर चरायच्या. दोन वर्षांपासून राखायला माणूस मिळत नाही म्हणून बंदिस्त केल्या. विक्रीच्या बोकडांना शेवटचे तीन महिने रोज अर्धा किलो मक्याचा भरडा, थोडी सरकी पेंड आणि सोयाबीनचं भुसकट. दहा महिन्यांत २८-३० किलो भरतात, त्यात तक्रार नाही.

तक्रार खाटकाची आहे. परवा त्यानं मला उभं करून दाखवलं : गुर्द्याभोवती दोन मुठी भरतील एवढी पांढरी चरबी, आतड्यांवर जाळीच्या जाळी. "पैसे वजनाचे घेता, मटण कुठंय?" म्हणाला. गिऱ्हाईक म्हणतंय, रस्सा निवला की वर मेणासारखा थर येतो.

व्हिडिओत बघितलं, अमेरिकेत गुरांना शेवटी मका चारतात, मग मांसात चरबीच्या बारीक रेघा येतात आणि भाव वाढतो. माझ्याकडं तसं का होत नाही? चरबी पांढरी पडते ती हिरवा चारा कमी म्हणून का?

प्रतिसाद :
भाऊ, रंगाचं सोडा. हिरव्या चाऱ्यानं गाईची चरबी पिवळसर होते, शेळीची आणि म्हशीची पांढरीच राहते. शेळी जास्तीची चरबी आधी पोटात साठवते, मांसात फार कमी. म्हणून गुरांचं गणित इथं लागू नाही.

थर मात्र थोडाफार सगळ्याच बोकडांचा येणार. कोठीपोटातले, म्हणजे शेळीच्या पहिल्या मोठ्या पोटातले, जिवाणू चाऱ्यातलं तेल बदलून टाकतात, त्यातून घट्ट गोठणारी चरबी होते. सरकीनं ती आणखी कडक होते असं म्हणतात, ते खरं आहे. चरबीतलेही प्रकार असतात : हिरव्या पाल्यावर ओमेगा-३ वाढतं, मक्यावर ओमेगा-६.

मका निम्म्यावर आणा. तुरीचं भुसकट, शेवरी, सुबाभूळ द्या. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर नको, केस गळतात. सकाळी तासभर तरी फिरवा. आणि एक सांगा, बोकड खच्ची केलेत का? खच्ची बोकडाला चरबी जास्तच धरते.

धागाकर्ता :
वास येतो म्हणून सगळेच खच्ची करतो. हे डोक्यातच आलं नव्हतं. या खेपेला चार बोकड तसेच ठेवतो, शेळ्यांपासून लांब बांधतो. पण त्यांना किती महिन्यांत काढावं म्हणजे वास लागणार नाही?