कुंडीतली झुकिनी: फुलं भरपूर, फळाचं काय? आपापले अनुभव सांगा

दोन थंड्या झाल्या, गच्चीत झुकिनी (काकडीसारखी दिसणारी, भोपळ्याच्या कुळातली भाजी) लावतेय. पहिल्या वर्षी हौसेनं १२ इंची कुंडीत तीन बिया टोचल्या. तिन्ही उगवल्या आणि एकही उपटायचा जीव होईना. पानं हातभर झाली, पण दुपारी अख्खं झाड वाळत घातलेल्या धुण्यासारखं लोंबायचं. फुलं रोज यायची. फळं धरली चार, त्यातलं एक भाजीत गेलं. बाकीची बोटाएवढी होऊन टोकाकडून पिवळी पडली आणि गळाली.

यंदा १८ इंची ग्रोबॅगमध्ये एकच झाड आहे. निम्मी माती, बाकी गांडूळखत आणि कोकोपीट, वर मूठभर निंबोळी पेंड. आजवर ११ झुकिन्या निघाल्यात. म्हणजे बियाणं बरं होतं, मीच दाटीवाटी केली होती.

तुमची जागा किती, लावली कधी, फसलं तर कुठे, ते लिहा. फसलेल्यांचं आधी वाचायला आवडेल.

ठाणे, चौदावा मजला

आमच्याकडे मधमाशी फिरकतच नाही. पहिलं पीक असंच गेलं. मग कळलं की नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, दोन्ही एकाच झाडावर. मादी फुलाच्या मागे इवलीशी झुकिनी आधीपासूनच असते. नर फूल नुसत्या बारीक देठावर उभं. सुरुवातीचे आठ-दहा दिवस नुसती नर फुलंच आली, तेव्हा मी झाड फेकायच्या बेतात होते.

आता सकाळी सात-साडेसातला बाल्कनीत जाते. नर फूल देठासकट खुडायचं, पाकळ्या सोलायच्या. मधला दांडा बोटाला लावून बघायचा, हळदीसारखी पूड लागली तर तयार आहे. तो मादी फुलाच्या मधल्या गड्ड्यावर चारही बाजूंनी फिरवायचा. घाईत एकाच अंगाला टेकवला की फळ वाकडं होतं, शेंड्याला निमुळतं राहतं. हे मी तीनदा करून बघितलंय. फूल एकाच सकाळचं असतं. दहाला गेलात तर पाकळ्या मिटायला लागलेल्या, म्हणजे गेलं ते.

बी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लावलं होतं, त्यामुळे पहिली मादी फुलं तुळशीच्या लग्नाच्या सुमारास आली. सासूबाई रोज सकाळी विचारायच्या, "झालं का गं लग्न लावून?" गेल्या वर्षी त्या स्वतःच करायला लागल्या. त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मान्य करावंच लागेल.

नाशिक, बंगल्यामागची पट्टी

पानांवर चंदेरी ठिपके दिसले म्हणून घाबरून आठवडाभर आंबट ताक फवारलं. ठिपके जाईनात आणि घरात कुणी मागच्या दाराला उभं राहीना. मग शेजारच्या काकांनी पान हातात घेऊन अंगठ्यानं चोळलं. पुसलं जात नाही, म्हणजे ती भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) नव्हे, त्या वाणाचा रंगच तसा. खरी भुरी पिठासारखी हाताला लागते. ती जानेवारीत आली, तेव्हा खालची जुनी पानं काढून टाकली, पाणी पानांवर न घालता बुडाशी घातलं. झाड महिनाभर अजून चाललं.

चिपळूण

जूनमध्ये लावली. पावसानं परागही धुतला आणि फुलंही कुजली. जी दोन फळं धरली ती फळमाशीनं डंख मारून सडवली. आता पावसाळ्यात पडवळ आणि दोडका, झुकिनी दिवाळीनंतर. ज्याचा जो मोसम, त्यातच ते लावावं.

लेस्टर, इंग्लंड

इथे हिला कोर्जेट म्हणतात आणि मोसम पार उलटा. एप्रिलअखेर खिडकीच्या कट्ट्यावर छोट्या कुंडीत बी, बाहेर न्यायची जूनच्या तोंडाशी, रात्री दव गोठायची भीती गेल्यावर. मी एकदा मेच्या मध्यात नेली, ऊन बघून फसलो. पहाटे पानं उकडल्यासारखी काळी. दुसऱ्या वर्षी गोगलगायींनी एका रात्रीत दोन रोपं जमिनीसपाट केली. हल्ली रोज रात्री टॉर्च घेऊन अंगणात फिरतो. शेजारी काय समजत असतील ते असो.

गार हवेत इथे उलटंही होतं: आधी मादी फुलं येतात आणि नराचा पत्ता नाही. तेव्हा पलीकडच्या आजींच्या वाफ्यातून एक नर फूल मागून आणलं. बदल्यात ऑगस्टभर त्यांना झुकिन्या दिल्या, शेवटी त्यांनी दार उघडणं बंद केलं.

एक मात्र आहे. फळ वीतभर झालं की तोडा. आम्ही दहा दिवस सुट्टीवर गेलो, परतलो तर दुधीएवढं धूड झालेलं आणि झाडानं नवी फुलं देणं थांबवलेलं. त्या धुडाचं किसून थालीपीठ केलं. बिया काढाव्या लागल्या, पण खमंग झालं.

न्यू जर्सी

आमच्याकडे जुलैत सगळं झाड एका दुपारी मान टाकतं. पाणी कमी पडलं म्हणून ओतत राहिलो, चूक. बुडाशी बघितलं तर खोडाला भोक आणि लाकडाच्या भुशासारखा चोथा. आत पांढरी जाड अळी! धारदार पात्यानं खोड उभं चिरलं, अळी काढली, जखमेवर ओली माती लिंपली. एक झाड वाचलं, दुसरं नाही. आता लावल्यापासून जाळीखाली ठेवतो आणि फुलं आली की जाळी काढून हातानं पराग लावतो. ठाण्याच्या ताईंची चार बाजूंची युक्ती आम्हाला माहीत नव्हती, वाकडी फळं आमच्याकडेही येतात.

कोल्हापूर

एक सावधगिरी. कडू लागली तर सरळ टाका. काकडीचं तोंड कापून चोळायची सवय इथे चालवू नका. दुधीचा कडू रस आपण पीत नाही ना, तसंच. तो कडूपणा शिजवूनही जात नाही आणि पोट भलतंच बिघडतं. शोभेच्या भोपळ्यांशेजारी धरलेलं घरचं बी लावलं की हा धोका असतो. मी दरवर्षी नवं पाकीट घेतो.

पुन्हा मी

नाशिकच्या काकांची अंगठ्याची परीक्षा लगेच करून आले. माझ्याही पानांवर ठिपके आहेत आणि पुसले जात नाहीत, म्हणजे काल आणलेलं औषध परत करायला हवं. ठाण्याच्या ताई, एक विचारायचं होतं: एक नर फूल किती मादी फुलांना पुरतं? आज तीन उघडली होती आणि नर एकच. मी तिन्हींना लावलाय, पण तिसऱ्याला दांड्यावर पूड फारशी उरली नव्हती.