गरोदरपणात कोलेस्टेरॉल वाढतं ते कशासाठी

वर सातव्या महिन्यातल्या ताईंनी कोलेस्टेरॉल 260 आलं म्हणून तूप बंद केल्याचं लिहिलंय. ताई, घाबरू नका हो, माझ्या वहिनीचाही असाच रिपोर्ट आलेला, आकडा लाल अक्षरात, ती परळ स्टेशनवरच रडायला लागली. वार (म्हणजे प्लॅसेंटा, गर्भाशयात बाळाला पोसणारा अवयव) स्वतः पुरेसं कोलेस्टेरॉल बनवत नाही, आईच्या रक्तातल्या एलडीएलमधून (ज्याला ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतात) उचलते आणि त्याचंच प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारं हार्मोन, करते, शेवटच्या महिन्यांत दिवसाला साधारण 250 मिग्रॅ! आणि एचडीएलचं (‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलचं) म्हणाल तर प्रयोगशाळेत वारेच्या पेशींना ते दिलं की प्लॅसेंटल लॅक्टोजेन जास्त सुटतं असं दिसलंय, हेच हार्मोन आईची साखर बाळाकडे वळवायला मदत करतं. ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी, त्याच रिपोर्टमध्ये असते) खूपच वाढलेली असतील तर मात्र डॉक्टरांना लगेच दाखवा, मनाने गोळ्या अजिबात नकोत.